एनएफएलची पगारमर्यादा १९८.२ वरून १८२.५ मिलियनवर: मार कुणाला बसणार?

अलेघेनीकाठ | बुधवार, १० मार्च २०२१, रात्री ९:४०

आज अखेर आकडा आला. एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, प्रत्येक संघाला येत्या हंगामात खेळाडूंच्या पगारावर जास्तीत जास्त १८ कोटी २५ लाख डॉलर खर्च करता येतील. गेल्या वर्षी हीच मर्यादा १९ कोटी ८२ लाख होती. एका संघामागे १ कोटी ५७ लाख डॉलर गेले, साधारण ८ टक्के. गेल्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडूंची संघटना यांनी १७.५ कोटींचा तळ ठरवला होता, फेब्रुवारीत तो १८ कोटी केला. त्या मानानं थोडक्यात निभावलं, असं आज संध्याकाळपासून टीव्हीवर चाललंय. मला तसं वाटत नाही, म्हणून हा धागा काढला.

मी वीस वर्षांहून जास्त काळ पिट्सबर्गला आहे. इथं रविवारी सकाळी पेन हिल्सच्या बालाजीच्या देवळात जाऊन एकच्या मॅचला घरी पोचायचं, हा आमच्याकडचा नेम आहे. मुलगी इथला संघ स्टीलर्स बघतच मोठी झाली. तिच्याकडे २८ नंबरची जर्सी आहे, माइक हिल्टनची. ती घ्यायची कोणाची, तर सगळ्या मैत्रिणींनी क्वार्टरबॅकची (चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्याची) किंवा टी.जे. वॉटची घेतली आणि हिनं हट्टानं हिल्टनची. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातली पोरं संघ पाळीपाळीनं निवडतात तो कार्यक्रम) त्याला ३२ पैकी एकाही संघानं उचललं नव्हतं. जॅक्सनविलनं घेऊन काढून टाकलं, मग कुठं आमच्याकडे आला. जेमतेम पावणेसहा फुटांचा, पण आपल्या दुप्पट माणसाला आडवा करतो.

आता हिल्टनचा करार संपलाय. इतकी वर्षं अगदी खालच्या पट्टीत खेळला, गेल्या वर्षी पहिल्यांदा ३ मिलियनच्या वर पोचला, आणि नेमकं त्याच्या आयुष्यातलं पहिलं खरं मोल ठरायच्या वर्षी मर्यादा खाली आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. ८ टक्के कमी झाले म्हणजे प्रत्येकाचे ८ टक्के कापले जात नाहीत. मोठ्या खेळाडूंचे करार आधीच झालेत, त्यातला बराच पैसा हमीचा आहे. नव्या पोरांचे पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकानुसार चार वर्षांसाठी बांधलेले आणि स्वस्त आहेत. उरला कोण? २६ ते ३० वयाचा, चार-पाच हंगाम खेळलेला, चांगला पण तारा नसलेला माणूस. क्रिकेटच्या भाषेत मधली फळी. सगळी कपात तिच्यातून निघणार.

खेळाडूंच्या संघटनेच्या हिशोबानं इथली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही भरत नाही. अशा धंद्यात 'यंदाचं वर्ष जरा सोसा' म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

---

चिंचबन | गुरुवार, ११ मार्च २०२१

पुण्याहून वाचतोय, या खेळातलं फारसं कळत नाही, पण धागा आवडला. एक प्राथमिक शंका. आयपीएलमध्ये ८५ कोटींची थैली असते आणि लिलावात ती संपली की संपली. इथं लिलाव नाही, मग मर्यादा ओलांडली हे कोण मोजतं आणि कधी? आणि मर्यादा कमी झाली तर सगळ्यांचे पगार त्याच प्रमाणात कमी करायला काय हरकत होती? आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी सरसकट १५ टक्के कापले, वरपासून खालपर्यंत. वाईट वाटलं पण सगळ्यांना सारखं.

---

खातेवही | गुरुवार, ११ मार्च २०२१

@चिंचबन, मी न्यू जर्सीत हिशेबनीस आहे, त्यामुळे मला या खेळातला हाच भाग जास्त आवडतो. सांगतो.

१९९४ मध्ये ही मर्यादा आली तेव्हा ती ३४.६ मिलियन होती. ती मनाला येईल तशी ठरत नाही. लीगच्या एकूण उत्पन्नातला ठरलेला वाटा खेळाडूंचा. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या नव्या करारानुसार यंदापासून किमान ४८ टक्के. त्यातून निवृत्तिवेतन, विमा वगैरे वजा करून उरलेल्याला ३२ नं भागायचं. गेल्या हंगामात बहुतेक स्टेडियम रिकामी होती. तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं सगळं बुडालं. उत्पन्न आटलं तसा वाटा आटला. तरी खरा तोटा याहून मोठा होता. दोन्ही बाजूंनी तो एका वर्षात न घेता पुढच्या काही वर्षांत वाटून घ्यायचं ठरवलं, म्हणून मर्यादा १८२.५ वर थांबली. हे उसने आहेत, माफ झालेले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

सरसकट कपात होत नाही, कारण मर्यादा संघाच्या एकूण हिशोबाला आहे. प्रत्येक खेळाडूचा करार स्वतंत्र. संघ त्याला 'कमी घे' म्हणू शकतो, तो 'नाही' म्हणू शकतो, आणि मग संघ त्याला काढू शकतो. हमी नसलेला पगार त्याच क्षणी संपतो. आयपीएलपेक्षा खूप कठोर आहे हे.

आता मोजणीची गंमत. बोनस हातात आज मिळतो, पण हिशोबात तो कराराच्या वर्षांवर विभागला जातो, जास्तीत जास्त पाच. समजा एखाद्याचा यंदाचा पगार १६ मिलियन आणि करार चार वर्षं उरलाय. संघ म्हणतो, १ मिलियन पगार ठेव, १५ बोनस म्हणून आजच घे. खेळाडूचं नुकसान काहीच नाही. पण वहीत यंदा १ अधिक ३.७५, म्हणजे ४.७५ च दिसतात. सव्वाअकरा मिलियन मोकळे झाले.

हे कमी पडलं तर कराराच्या शेवटी पोकळ वर्षं जोडतात. त्या वर्षी खेळाडू संघात नसणार हे दोघांनाही माहीत असतं. वर्ष फक्त बोनस पसरायला. मग वरचेच १५ पाचांत विभागून दरसाल ३ झाले.

आणि दोन वर्षांनी त्या खेळाडूला काढलं तर? पाचांतले दोन हप्ते फिटले, उरलेले ९ मिलियन एकदम वहीत येऊन पडतात. त्याला इथं डेड मनी म्हणतात. माणूस दुसरीकडे खेळतोय आणि जागा तुमच्या वहीतली अडलीय. आमच्या शेजारच्या फिलाडेल्फियानं गेल्या महिन्यात क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झला इंडियानापोलिसला दिलं, त्याचे ३३.८ मिलियन यंदा असे पडलेत. आजवरचा विक्रम आहे. १८२.५ मधले ३३.८ गेले एका गेलेल्या माणसापायी.

ऋण काढून सण करणारे संघ या वर्षी उघडे पडतील, आणि ज्यांनी हात राखून खर्च केला त्यांची दिवाळी. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षी नेता येते. न्यू इंग्लंडवर लक्ष ठेवा.

---

अलेघेनीकाठ | गुरुवार, ११ मार्च २०२१, रात्री

@खातेवही, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

आणि चोवीस तास व्हायच्या आत पहिली मोठी कुऱ्हाड पडली. कॅन्सस सिटीनं एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ दोघांनाही सोडलं. क्वार्टरबॅकच्या दोन्ही बाजूंना उभे राहून त्याला जपणारे हे दोन खांब. फिशर तर २०१३ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. दोघांमुळे मिळून सुमारे १८ मिलियन मोकळे झाले.

यातली सल कुठं आहे सांगतो. फिशरचा पायामागचा स्नायुबंध जानेवारीत तुटला, संघाला सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, नेणाऱ्या लढतीत. श्वार्ट्झची पाठ गेल्या हंगामात गेली. दोघं नसताना ७ फेब्रुवारीच्या सुपर बोलमध्ये टँपाविरुद्ध क्वार्टरबॅक महोम्सला पळताभुई थोडी झाली आणि ३१-९ असा पराभव झाला. म्हणजे या दोघांचं मोल काय होतं हे अख्ख्या देशानं पाहिलं, आणि महिन्याभरात त्यांना निरोप. मर्यादा नेहमीसारखी दहा मिलियननं वाढली असती तर निदान एकाला बरं व्हायला वेळ दिला असता, असं मला वाटतं.

महोम्सनंही आपला करार फिरवून सुमारे १७ मिलियन मोकळे करून दिले आहेत. पण वर खातेवहींनी सांगितलं तेच, त्याचा एक डॉलरही कमी झालेला नाही. पगाराचा बोनस झाला.

---

डॅलसवासी | शुक्रवार, १२ मार्च २०२१

अलेघेनीकाठ, तुमची कळकळ समजते, पण चित्र थोडं एकांगी होतंय.

एक, आमच्या क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला याच आठवड्यात चार वर्षांचे १६० मिलियन मिळाले, ६६ मिलियन नुसता सहीचा बोनस. यंदाच्या वहीत तो २२.२ च दिसतो. हा करार झाला नसता आणि टॅग (खेळाडूला ठरावीक मोठ्या पगारावर एक वर्ष रोखून धरायची सोय) लावावा लागला असता, तर एकटा ३७.७ खाऊन बसला असता. म्हणजे ताऱ्याला मोठा करार दिल्यामुळं उलट यंदा मधल्या फळीला १५ मिलियनची जागा मिळाली. तारे आणि मधली फळी एकमेकांचे वैरी नाहीत.

दोन, वाटा ठरलेला असणं हे खेळाडूंचंच कवच आहे. उत्पन्न वाढलं तेव्हा २०१३ च्या १२३ वरून २०२० ला १९८.२ झाले ना? सात वर्षांत. तेव्हा कुणी तक्रार केली नाही. चढताना बरोबर चढलो तर उतरताना एक पायरी उतरायला नको? आणि गेल्या मार्चमध्ये मालकांबरोबरचा हा करार मंजूर केला तो खेळाडूंनीच, मतदानानं.

तीन, सगळं बंद असताना एनएफएलनं पूर्ण हंगाम खेळवला, एकही सामना रद्द न करता. पगार मिळत राहिले. माझ्या ओळखीत हॉटेल चालवणारी मराठी कुटुंबं आहेत, त्यांना विचारा वर्ष कसं गेलं.

---

अलेघेनीकाठ | शुक्रवार, १२ मार्च २०२१

@डॅलसवासी, तिसरा मुद्दा पूर्ण मान्य. त्यावर वाद नाही.

पण त्या मतदानाचा आकडाही सांगा. १,०१९ विरुद्ध ९५९. केवळ साठ मतांचा फरक. त्यात किमान पगार बराच वाढवला होता, म्हणून तळातल्या पोरांनी होकार दिला, आणि बड्या खेळाडूंपैकी बरेच उघड विरोधात होते. मधल्यांना त्यात नेमकं काय मिळालं? सतरावा सामना मिळाला. शरीराला आणखी एक रविवार.

आणि किमान पगार वाढल्याचा एक परिणाम कुणी बोलत नाही. संघाला यंदा नवखा पोरगा ६ लाख ६० हजारांत मिळतो. चार किंवा त्याहून जास्त वर्षं खेळलेल्याला किमान ९ लाख ९० हजार द्यावे लागतात. अनुभवी माणसं बाहेर पडू नयेत म्हणून नियमात सवलत आहे. एका वर्षाच्या किमान पगारावर घेतलं तर वहीत ८ लाख ५० हजारच धरतात. सवलत चांगल्या हेतूनं आहे. पण ती मिळवायची तर खेळाडूनं किमान पगारावर यायला हवं! जो ४-५ मिलियनचा माणूस आहे त्याला एकतर १ मिलियनवर उतरायचं किंवा घरी बसायचं. मधली पायरीच काढून टाकल्यासारखं झालंय.

---

गल्फकाठची | रविवार, १४ मार्च २०२१

न्यू ऑर्लिन्सहून. आज आमच्या क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसनं निवृत्ती जाहीर केली. पंधरा वर्षांपूर्वी याच तारखेला त्यानं इथल्या सेंट्स संघाशी करार केला होता. कतरिना वादळाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, अर्धं शहर रिकामं होतं. आम्ही २००७ मध्ये इथं आलो तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी मला आधी ब्रीसचं नाव शिकवलं, मग रस्त्यांची.

या धाग्यावर लिहायचं कारण म्हणजे फेब्रुवारीत त्यानं आपला यंदाचा पगार २५ मिलियनवरून १.०७५ मिलियनवर आणला होता. जाता जाता संघाला सुमारे २४ मिलियनची जागा करून दिली. तरीही पुरलं नाही. हिवाळ्यात हिशोब लावला तेव्हा सेंट्स मर्यादेच्या जवळपास १०० मिलियन वर होते. वर्षानुवर्षं हप्ते पुढं ढकलत आले. मर्यादा दरवर्षी वाढत होती तोवर ते खपून गेलं.

मग काय, इमॅन्युएल सँडर्स, क्वॉन अलेक्झांडर, जनोरिस जेंकिन्स, एकामागून एक गेले. पण मला सगळ्यात लागलं ते थॉमस मॉर्स्टेडचं. तो पंटर, चेंडू लाथाडणारा. २००९ पासून इथं. सुपर बोलमध्ये दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात त्यानं ऑनसाइड किकनं (चेंडू जवळच मारून आपणच परत मिळवायचा डाव) केली होती, कुणाच्या ध्यानीमनी नसताना. तो चेंडू आम्हाला मिळाला आणि सामना फिरला. या शहराच्या संघानं जिंकलेली ती एकमेव सुपर बोल. तशा माणसाला काही मिलियनसाठी जावं लागलं. चूक त्याची काय होती? त्याच्या कराराला हात लावला की जागा मिळत होती, एवढंच.

---

मांडवीकर | रविवार, १४ मार्च २०२१

मी फुटबॉल म्हटलं की पायाचाच समजणारा, पण धागा पहिल्यापासून वाचतोय.

काल फातोर्ड्याला आयएसएलची फायनल झाली. मुंबई सिटीनं ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलवर मोहन बागानला २-१ हरवलं. स्टेडियम माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि मी ती टीव्हीवर बघितली. अख्खा हंगाम गोव्यातच, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, तिन्ही रिकामी. गोलनंतर खेळाडूंचा आरडाओरडा सोडून दुसरा आवाज नव्हता. तुमच्या १५.७ मिलियनचा खड्डा कसा पडला ते मला त्या शांततेवरून कळलं.

आमच्याकडेही संघांच्या पगारावर मर्यादा आहे, पण ती उत्पन्नातल्या वाट्याशी बांधलेली नाही. डेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले तेव्हा इथल्या पोरांचा रोजगार एका वर्षात आक्रसला. कुणी विमानतळावर नोकरी धरली, कुणी बोटीवर गेला. तेव्हा खेळाडूंच्या वतीनं आकडा मागणारी एकजूट असती तर, असं हा धागा वाचताना सारखं मनात येतं. तुमच्याकडे निदान ४८ टक्के लिहून तरी दिलेत.

---

खातेवही | गुरुवार, १८ मार्च २०२१

आजची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. टीव्हीचे नवे करार, २०२३ पासून ११ वर्षं, मिळून १०० अब्ज डॉलरच्या वर. मर्यादा खाली आणल्याला आठच दिवस झालेत.

@चिंचबन, आता कळेल संघ पोकळ वर्षं का जोडतायत. त्यांना माहीत आहे की २०२३-२४ मध्ये मर्यादा उसळणार. आजचा एक डॉलर तेव्हा हलका वाटेल. टँपानं क्वार्टरबॅक ब्रॅडीचा करार असाच लांबवून १९ मिलियन मोकळे केले. सुपर बोल जिंकलेल्या संघातले सुरुवातीला उतरणारे बावीसच्या बावीस खेळाडू परत आणायची त्यांची धडपड चाललीय.

न्यू इंग्लंडचं म्हटलं होतं तसंच झालं. जुडॉन, जोनू स्मिथ, हंटर हेन्री, अॅगोलोर, सगळे त्यांनी घेतले. भाव पडलेल्या बाजारात एकटा गिऱ्हाईक रोख घेऊन उभा.

---

अलेघेनीकाठ | शुक्रवार, १९ मार्च २०२१

आमच्याकडचा हिशोब लिहून ठेवतो.

आमच्या क्वार्टरबॅकनं, बेन रॉथलिसबर्गरनं, ५ मिलियन खरोखर सोडले, १९ चे १४ घेतले. हे महोम्ससारखं फिरवणं नाही, सोडणंच आहे. वयाच्या ३९ व्या वर्षी का होईना, मला त्याचा आदर वाटला. उरलेला बोनस पोकळ वर्षांवर टाकून वहीतला त्याचा आकडा ४१ वरून २६ च्या खाली आणला.

बड डुप्री टेनेसीला, पाच वर्षांचे ८२.५ मिलियन. डिसेंबरमध्ये गुडघा फाटलेला असूनही. (डॅलसवासी, हा तुमच्या बाजूचा पुरावा, मान्य करतो.) विन्स विल्यम्सला काढलं. आठ वर्षं इथं.

जूजू स्मिथ-शूस्टर राहिला. एका वर्षासाठी, ८ मिलियनवर. बाल्टिमोर आणि कॅन्सस सिटी जास्त द्यायला तयार होते असं छापून आलंय. २४ वर्षांचा आहे. यंदा बाजार पडलेला, पुढच्या वर्षी वर जाईल, तेव्हा मोठा करार करू, असा त्याचा हिशोब दिसतो. असे एका वर्षाचे करार यंदा ढिगानं झालेत. सगळे पुढच्या वर्षावर डाव लावून बसलेत. या खेळात पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?

आणि हिल्टन गेला. सिनसिनाटीला, चार वर्षांचे २४ मिलियन. आमच्याच विभागात, वर्षातून दोनदा समोर येणार. मी मुलीला म्हटलं, अगं त्याला शेवटी पैसे मिळाले, चांगलंच झालं. तिनं विचारलं, 'मग आपण का नाही दिले?' वरचं सगळं गणित तिला सांगितलं. ऐकून घेतलं आणि जर्सी घडी घालून कपाटात ठेवली.

---

मांडवीकर | सोमवार, १६ ऑगस्ट २०२१

धागा वर काढतोय, कारण आता आमच्या फुटबॉलातही तेच झालं.

मेस्सी गेला. बार्सिलोना द्यायला तयार, तो अर्ध्या पगारावर राहायला तयार, आणि तरी नोंदणी होईना. स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबची मर्यादा त्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर आणि कर्जावर ठरते. २०१९-२० मध्ये बार्साची ६७ कोटी युरोंच्या वर होती. गेल्या नोव्हेंबरात ती ३८ कोटींच्या आसपास आली. अध्यक्ष लापोर्तांनी स्वतः सांगितलं, मेस्सीला धरून पगार उत्पन्नाच्या ११० टक्के, त्याला वगळूनही ९५.

तुमच्याकडे ३२ ही संघांना एकच आकडा. आमच्याकडे ज्यानं उधळलं त्याच्यावरच जास्त आवळतं. न्यायानं बघितलं तर हे बरं वाटतं. पण सोसलं कुणी? नवे आलेले डिपाय आणि एरिक गार्सिया परवापर्यंत नोंदलेही गेले नव्हते. पिकेनं आपला पगार मोठ्या प्रमाणात कमी केला तेव्हा कुठं त्यांना काल मैदानात उतरता आलं. काल पहिला गोलही पिकेचाच. रिअल सोसिएदादला ४-२ हरवलं. मी मध्यरात्रीनंतर जागून बघितलं आणि आनंद काही होईना.

---

अलेघेनीकाठ | सोमवार, २९ नोव्हेंबर २०२१

कालचा सामना. सिनसिनाटी ४१, पिट्सबर्ग १०.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये बेननं चेंडू टाकला, हिल्टननं मधेच पकडला आणि सरळ टचडाउनला नेला. घरात सगळे गप्प. मुलगी उभी राहिली आणि तिनं टाळ्या वाजवल्या. मी काही बोललो नाही. मलाही वाजवाव्याशा वाटत होत्या.

ज्या संघाकडे मार्चमध्ये मोकळी जागा होती, त्यानं शेजाऱ्यांनी टाकलेली माणसं उचलली. सेंट्सना न परवडलेला ट्रे हेंड्रिक्सनही त्यांनीच घेतला, आणि तो आठवड्यामागून आठवडा क्वार्टरबॅकला आडवा करतोय. @गल्फकाठची, तुम्ही बघताय ना?

बाकी मंडळी. जूजूचा खांदा ऑक्टोबरात गेला, शस्त्रक्रिया झाली, हंगाम बुडाल्यात जमा. पुढच्या वर्षीचा मोठा करार गेला. विन्स विल्यम्सला एप्रिलमध्ये कमी पैशांत परत बोलावलं होतं, तो आलाही, आणि सराव शिबिर सुरू व्हायच्या तोंडावर जुलैत निवृत्त झाला. ३१ वर्षांचा.

---

गल्फकाठची | मंगळवार, ३० नोव्हेंबर २०२१

बघतेय. हेंड्रिक्सनसाठी आनंद आहे, पोटात दुखतंही आहे. मॉर्स्टेडला मध्यंतरी न्यूयॉर्क जेट्सनी घेतलं होतं, ते वाचून बरं वाटलं.

---

खातेवही | शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४

तीन वर्षांनी हा धागा शोधून काढला, कारण पहिल्या प्रतिसादात मी म्हटलं होतं की हे उसने आहेत, लक्षात ठेवा.

काल २०२४ ची मर्यादा जाहीर झाली. २५५.४ मिलियन. एका वर्षात ३० मिलियनची उडी, आजवरची सगळ्यात मोठी. लीगनं कारण लिहून दिलंय, महामारीत क्लबांनी आगाऊ दिलेली आणि खेळाडूंनी पुढं ढकललेली सगळी रक्कम आता पूर्ण फिटली, शिवाय टीव्हीचं उत्पन्न वाढलं. म्हणजे २०२२ ला २०८.२ आणि २०२३ ला २२४.८ दिसत होते, त्यातूनही २०२१ चा खड्डा भरणं चालूच होतं.

डॅलसवासींचं बरोबर ठरलं, वाटा बुडाला नाही. हिशोब पै-पैचा पुरा झाला.

---

डॅलसवासी | शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४

हो, पण मी आज तेव्हाइतक्या ठामपणे लिहिणार नाही. खेळाडूंचा वाटा एकत्र मोजला तर परत आला. ज्यांनी २०२१ मध्ये सोडला त्यांनाच परत मिळाला का, हा अलेघेनीकाठ यांचा मूळ प्रश्न होता, आणि त्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. श्वार्ट्झ त्यानंतर एकही सामना खेळला नाही.

---

अलेघेनीकाठ | रविवार, २५ फेब्रुवारी २०२४

@डॅलसवासी, आभार. मीही तेव्हा काही गोष्टी फार एका रंगात रंगवल्या. जूजूला शेवटी कॅन्सस सिटीकडून सुपर बोल मिळालं, नंतर न्यू इंग्लंडचा तीन वर्षांचा करारही. हिल्टन सिनसिनाटीत पहिल्याच वर्षी सुपर बोलपर्यंत गेला.

पण काल रात्री २०२१ च्या मार्चमध्ये काढलेल्यांची यादी काढून बसलो होतो. आज किती जण अजून खेळतात ते एकेक नाव शोधत गेलो. तीसच्या आसपासचे होते त्यांतले बहुतेक गेले. ही ३० मिलियनची उडी आता जे २५-२६ चे आहेत त्यांच्या खिशात पडेल. त्यांचं चांगलंच होवो. पण हप्ता एकानं भरला आणि घर दुसऱ्याला मिळालं. मालक आणि संघटनेतला आत्ताचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. संघटनेनं पुढच्या करारात एकच कलम मागावं असं मला वाटतं. मर्यादा खाली आली तर त्या वर्षी ज्यांचे करार संपले किंवा ज्यांना काढलं, त्यांची नावं लिहून ठेवायची आणि पैसे परत आले की आधी त्यांच्या निवृत्तिवेतनात घालायचे. खातेवही, हे हिशोबात बसतं का, सांगा.

---

खातेवही | रविवार, २५ फेब्रुवारी २०२४

बसतं. वाट्यातून निवृत्तिवेतन आधीच वजा होतं, त्यात एक ओळ वाढेल. किती माणसं आणि किती रक्कम, याचा कच्चा आराखडा पुढच्या आठवड्यात इथंच टाकतो. तुमची यादी पाठवा.